पायऱ्यांची अक्षरं

मास्तरांनी माझ्या दुकानाची पाटी काढायला नकार दिला, तो माझ्या आईच्या नावामुळे. आईचं नाव कमळ. मी सोलापुरात साखर पेठेत ब्लॉक करण्याचं दुकान काढलं आणि त्याला तिचंच नाव दिलं, ‘कमळ ब्लॉक मेकर्स’. चित्रकारानं कागदावर काढलेलं चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं, तेजाबात कोरायचं, लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकायचं आणि छापखान्याला द्यायचं, असा तो धंदा. माडीवरची खोली मास्तरांची. ते चादरींची, टॉवेलांची, विड्यांच्या बंडलांची लेबलं काढायचे, दुकानांच्या पाट्याही रंगवायचे. त्यांची लेबलं ब्लॉक व्हायला जिन्यावरून खाली माझ्याकडेच यायची. एवढा घरोबा असूनही पाटीचं विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवली.

“‘ळ’ हाय त्यात,” ते म्हणाले.

“मग?”

“‘ळ’ बसत न्हाई ओ माझ्यात. आईचं दुसरं काय नाव न्हाई का?”

मला हसू फुटलं, पण ते गंभीर होते. शेवटी मी नव्या पेठेतल्या एका पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली. मास्तर रोज तिच्याखालून जायचे आणि जाताना मान खाली घालायचे, जणू काही चूक पाटीचीच होती.

मास्तर विणकराच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. तरुणपणी ते मिलच्या डिझाइन खात्यात होते आणि ‘मास्तर’ हे नाव तिथूनच चिकटलं. चादरीवर जे फूल किंवा पाखरू विणायचं ते आधी चौकड्यांच्या कागदावर काढावं लागतं. त्यातल्या एका चौकोनाला ‘घर’ म्हणतात. घर भरलं की तिथं रंगाचा धागा वर येतो, रिकामं सोडलं की खाली जातो. म्हणून चादरीवरचं पाखरू जवळून पाहिलं तर त्याला गोलाई नसते, सगळी कड पायऱ्यापायऱ्यांची असते. मास्तरांनी मिल सोडली, पण चौकड्यांचा कागद सोडला नाही. लेबलावरची अक्षरंसुद्धा ते घरं मोजून काढायचे. त्यांचा ‘स’ जिना उतरल्यासारखा उतरायचा आणि ‘व’ म्हणजे खांबाला टेकलेली खिडकी. अख्ख्या लेबलावर एक गोल रेघ सापडायची नाही. ‘ठ’चा एकच गोल चौकोनात बसायचा, पण ‘ळ’ म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन गोल, त्यामुळे तो त्यांना कधी जमला नाही. न जमलेलं अक्षर ओढूनताणून काढण्यापेक्षा ते गिऱ्हाईक परत पाठवायचे. काळे आडनावाचा एक किराणावाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी मास्तरांनी त्याला दुकानाला देवाचं नाव देण्याचा सल्ला दिला. त्यांचा देव होता विठ्ठल. ते नाव मात्र चालत होतं.

ह्या हट्टामागं एक दुखणं होतं, ते मला उशिरा कळलं. त्यांचे मामा सिनेमाचे मोठे पडदे रंगवायचे. त्यांच्या हाताला गावात नाव होतं. एके वर्षी तो हात कापायला लागला. नट्यांचे डोळे वाकडे यायला लागले, लोक पडद्याखाली उभं राहून हसायला लागले. पुढं मामांनी घराबाहेर पडणंच सोडलं. “हाताचा काय भरवसा?” मास्तर म्हणायचे. “आज एक, उद्या एक. घरं मोजली की म्हातारपणी पण तेच येतंय बगा.” ही गोष्ट ते मामांवर रागावल्यासारखी सांगायचे.

त्या काळी गावातले बाकीचे चित्रकार गिऱ्हाईक म्हणेल तसं काढून द्यायचे. एकाला नागमोडी अक्षर, दुसऱ्याला सावली पाडलेलं, तिसऱ्याला गुलाबाचं फूल. मास्तरांचं म्हणणं असं, की माल कुणाचाही असो, काम माझं आहे हे रस्त्यापलीकडून दिसलं पाहिजे. रंग दोनच, पांढरा आणि विटकरी. अक्षर पायऱ्यांचं. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांची खूण, एक लहानसा चौकोन ज्याचा एक कोपरा फोडलेला. नाव ते कधी घालत नसत. नाव वाचायला जवळ यावं लागतं, असं ते म्हणायचे.

ही खूण लेबलांवर राहिली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ती त्यांच्या छत्रीवर होती, सायकलच्या मडगार्डवर होती, डब्यावर, पाण्याच्या माठावर, खोलीच्या उंबऱ्यावर होती. शर्ट बारा महिने चौकड्याचा, भावाच्या मागावर विणलेला. मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. “माझ्या पोळपाटावर पण काढलंय बगा त्यांनी. मी काय लेबल हाय का?” मी मास्तरांना म्हटलं, निदान पोळपाट तरी सोडा. त्यावर ते म्हणाले, “माणूस सगळीकडं एकच पायजे की. दुकानात एक, घरात एक, असं कसं चालंल?”

पार्क मैदान ते कधी तिरकं ओलांडत नसत. कडेकडेनं जायचे आणि कोपऱ्यावर काटकोनात वळायचे. मी बरोबर असलो की मला त्या उन्हात फार राग यायचा, पण त्यांना सोडून एकट्यानं मधून जाणंही जमायचं नाही.

त्यांची आणखी एक खोड. नवी पाटी लागली की ते रस्त्याच्या पलीकडे छत्री टेकून उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचे. “ओ पाहुणे, ती पाटी कुणी काढली असंल?” माहीतगार माणूस चौकड्याच्या शर्टाकडे बघून हसायचा आणि म्हणायचा, “तुमीच की मास्तर.” मग त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की बघतच राहावं. ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं तर त्या दिवशी जिन्यावरचं पाऊल जड पडायचं. मी खाली बसून ते ओळखायचो.

एकदा मी त्यांच्या वडिलांना भेटायला गेलो होतो. म्हातारे हातमागावर बसलेले, पाय मागाखालच्या खड्ड्यात. मास्तरांनी कौतुकानं नवं लेबल दाखवलं. म्हाताऱ्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, बोटानं घरं मोजली आणि परत दिलं. “चांगलं हाय,” ते म्हणाले. “पण हे तुझं कसं? चौकड्यावर मांडलं की सगळ्यांचं झालं. ज्याला मोजता येतंय तो विणतोय.” मास्तर ताडकन उठले. चहा तसाच राहिला. वाटेत ते मला म्हणाले, “कापडाचं तसं असंल. माझं तसं न्हाई.” मीही होकार दिला, कारण मलाही तसंच वाटत होतं.

चाटी गल्लीतले एक कारखानदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांची ‘बदक छाप’ चादर त्या वर्षांत जोरात चालायची आणि ते बदक मास्तरांचं. पायऱ्यापायऱ्यांचं बदक, चोच चौकोनी, डोळ्याच्या जागी एक रिकामं घर. खेड्यातल्या माणसाला वाचता येत नसलं तरी बदक दिसायचं. अण्णांनी मास्तरांना गिऱ्हाइकं मिळवून दिली, लग्नकार्यात बोलावलं, मानानं वागवलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून बाजार पुन्हा उभा राहायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. अण्णांचा निरोप आला. मास्तरांबरोबर मीही गेलो, कारण ब्लॉक माझे. पेढीवर आणखी दोन कारखानदार बसले होते. गादीवर दोन चादरी, दोन्हींवर बदक. एक अण्णांची. दुसरी वैरागच्या बाजारात घेतलेली, एका धुण्यातच रंग सुटून मळकी झालेली. ती घेतलेला माणूस अण्णांच्या दारात येऊन चारचौघांत शिव्या देऊन गेला होता. अण्णांनी दोन्हींवर शिवलेली कापडी लेबलं उसवून शेजारी शेजारी ठेवली होती. मास्तरांची खूणसुद्धा दोन्हीवर होती.

“काय ओ मास्तर,” अण्णा म्हणाले, “एकच चित्र दोन ठिकाणी दिलं का काय?”

“मी एकदाच काढलोय अण्णा. तुमच्यासाठी.”

“मग ह्यातलं तुमचं कुठलं ते दाखवा.”

मास्तरांनी चष्मा लावला. खिशातून भिंग काढलं. ते घरं मोजायला लागले, पहिल्या लेबलावर, मग दुसऱ्यावर. चोच, मान, पंख. त्यांच्या कपाळावरचा घाम लेबलावर पडू नये म्हणून मी हात पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग भिंग खाली ठेवलं.

“मला सांगता येत न्हाई,” ते म्हणाले.

मी मधे पडलो. म्हटलं, अण्णा, हा दुसरा ब्लॉक माझ्या दुकानात झालेला नाही, छातीवर हात ठेवून सांगतो. त्यांच्या शेजारचे कारखानदार म्हणाले, “तुमी शेजारी. तुमी तसंच म्हणणार की.”

अण्णा माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला. “मास्तर, एक करा. नुसतं बोट ठेवा आणि म्हणा, हे माझं न्हाई. कशावर का असंना. मी मान्य करतो. विषय संपला.”

मला वाटलं, झालं, सुटलो. मळकं लेबल कुठलं ते मला दिसत होतं, त्याच्या कडेला रंगाचा डाग होता. मास्तरांनाही तो दिसत असणारच. त्यांनी हातसुद्धा उचलला. मग तो हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “डागावरनं सांगता येतंय अण्णा. चित्रावरनं येत न्हाई. फरक दिसत न्हाई तर माझं न्हाई असं कसं म्हणू?”

पेढीवरून उतरून आम्ही पार्क मैदानावर आलो. कडेकडेनं गेलो. महिनाभरात चाटी गल्लीतलं काम थांबलं, मग विडीवाल्यांचं थांबलं. मास्तर दोघांना एकच चित्र विकतात असं गावभर झालं. ज्या खुणेनं लोक त्यांना ओळखायचे, त्याच खुणेकडे बोट दाखवून आता त्यांच्याबद्दल बोलायला लागले. वहिनी विड्या वळायला लागल्या. मला रात्रंदिवस एकच वाटायचं, तो चोर सापडला पाहिजे, त्याला आणून अण्णांच्या पेढीवर उभा केला पाहिजे.

तो मीच शोधला. वैरागला कागद विकायला जाणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्यानं सांगितलं की तिथल्या एका व्यापाऱ्याची सगळी लेबलं स्टँडजवळचा एक पेंटर काढतो. दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. मास्तर खिडकीजवळ, दोन पायांत छत्री. मी वाटभर त्या पेंटरला काय काय सुनवायचं ते ठरवत होतो.

पेंटर तिशीतला, अंगानं किरकोळ. दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा. आम्ही काही बोलायच्या आत त्याची नजर छत्रीवरच्या खुणेवर गेली. त्यानं हातातला कुंचला डब्यात टाकला आणि वाकून मास्तरांच्या पायाला हात लावला.

“तुमी सोलापूरचं मास्तर व्हय? मी लई दिस म्हणतोय जावं, जावं. जमलंच न्हाय.”

माझं ठरवलेलं सगळं भाषण वाया गेलं. तरी मी विचारलं, “बदकाचं लेबल तू काढलंस?”

“मीच की. व्यापाऱ्यानं चादर आणून दिली, म्हनला, आसंच पायजे. मी घरं मोजली अन् काढलं. का, चुकलं का कुटं?”

“आणि ही खूण? ही कुणाची आहे ठाऊक आहे?”

तो गोंधळला. त्यानं छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “खून? मला वाटलं, काम पुरं झालं म्हंजी ती काढायची आसती. कापडाला काठ आसतो तशी. मी तर समद्यालाच काढतो.”

खरंच होतं ते. आडोशात सुकायला टेकवलेल्या प्रत्येक पाटीवर कोपरा फोडलेला चौकोन होता. सगळी अक्षरं पायऱ्यांची. मास्तरांची लेबलं बघून बघून तो शिकला होता, समोर गुरू नसताना.

मी त्याला सोलापुरात काय झालं ते सांगितलं. आडोशाच्या मागून त्याची बायको पुढं येऊन ऐकत राहिली. पेंटरचा चेहरा उतरला. “मी येतो की,” तो म्हणाला. “आत्ता येतो. समद्यांम्होरं सांगतो, मी काढलं म्हणून.” बायको एवढंच म्हणाली, “मंग व्यापारी उंद्यापासनं हितं पाय ठेवू दील का?” त्यानं तिला गप्प बसायची खूण केली आणि पायात चपला सरकवल्या.

मास्तरांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते एका पाटीसमोर उभे होते. गुळाच्या व्यापाऱ्याची पाटी होती, विटकरी रंगावर पांढरं, ‘गूळ’. वरून उतरलेली एक उभी रेघ आणि तिच्या पायाशी दोन रिकाम्या चौकटी शेजारी शेजारी, मधे एका घराची फट. तो ‘ळ’ होता. मास्तरांनी जन्मात काढला नव्हता तो ‘ळ’, आणि तो मास्तरांचाच होता.

“हे कसं बसवलंस?” त्यांनी विचारलं. आवाज मला ओळखू आला नाही.

“बसंना झालं तवा मदलं एक घर सोडून दिलं की.”

मास्तरांनी पाटीवरून बोट फिरवलं. बोटाला ओला रंग लागला, तो त्यांनी पुसला नाही. मग ते वळले आणि पेंटरला म्हणाले, “चपला काढ. कुटं जायचं न्हाई तुला.”

“पर तुमचं नाव...”

“बदक तेवढं सोड. ते अण्णांचं हाय. व्यापाऱ्याला सांग, दुसरं पाखरू काढून देतो.”

“अन् ही खून? ही तुमची हाय. मी पुसतो समद्याची.”

“नको,” मास्तर म्हणाले. “माझी म्हणून मला सांगता आली न्हाई. ठेव तू.”

परतीच्या एसटीत मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, ज्यासाठी आलो ते हातात आलं होतं, तुम्ही ते टाकून दिलंत. वहिनींचा तरी विचार करायचा. तो आला असता तर तुमचं नाव बदनामीतून सुटलं असतं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, “माझं नाव सुटलं असतं, खरं हाय. तो मेला असता. आणि तो ‘ळ’ कुणी काढला असता मग?” वैरागचं कुणाला सांगणार नाही असा शब्द त्यांनी माझ्याकडून त्या एसटीतच घेतला. मी रागानं दिला, पण दिला.

त्यानंतर मास्तरांनी चौकड्यांचा कागद घेतला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ते काम आता वैरागला नीट चाललंय.” हातानं काढायला लागले, मोकळं, गोल. त्या वयात नव्यानं शिकत होते. मामांसारखाच त्यांचाही हात कापायला लागला होता. हातगाड्यांवरचे नंबर, दवाखान्याच्या वेळा, ‘भाड्याने देणे आहे’, असलं काम मिळायचं. कोपऱ्यात खूण नसायची. रस्त्यापलीकडे उभं राहून कुणाला विचारणंही बंद झालं. एकदा आम्ही घाईत होतो आणि ते माझ्याबरोबर पार्क मैदान मधूनच ओलांडून आले. मला उन्हातून वाट वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

एक दिवस ते स्वतःच शिडी घेऊन खाली आले. “आईची पाटी काढू का?” म्हणाले. मी नव्या पेठेतली पाटी उतरवली. त्यांनी दुपारभर खपून ‘कमळ’ काढलं. ‘क’ आणि ‘म’ बरे आले. ‘ळ’ काढताना हात दोनदा थांबला. त्याचे दोन्ही गोल हललेले आहेत, एक जरा मोठा, एक जरा मिटलेला. शिडीवरून उतरून त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “असू दे. हे कुणाला मोजून काढता येणार न्हाई.” हे म्हणताना ते किंचित हसले. त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच आठवतं.

पुढच्या वर्षी ते गेले. छातीत दुखलं आणि मिलचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत संपलं. चाटी गल्लीतून कुणी आलं नाही. वैरागचा पेंटर आला होता, बाहेर उन्हात उभा होता. वहिनींनी ती छत्री त्याला दिली.

दशक संपता संपता अण्णा माझ्या दुकानात आले, टॉवेलाच्या नव्या लेबलाचा ब्लॉक करून घ्यायला. चहा झाला. अण्णा थकले होते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, “परवा बार्शीला गेलतो. एका कापड दुकानाची पाटी बगितली आणि लांबूनच म्हटलं, मास्तर! काय काम हो ते. तसा माणूस परत होणे न्हाई.”

“दुकान जुनं असेल,” मी म्हटलं.

“छे, ह्या दिवाळीत उघडलंय.”

दिवाळीपर्यंत मास्तरांना जाऊन वर्ष उलटलं होतं. अण्णांच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला. “माणूस सरळ होता. मी तेव्हा जरा घाईच केली. अजून टोचतंय बगा.” मी दिलेला शब्द माझ्या जिभेवर बसून होता. मी ब्लॉकचं माप लिहून घेतलं.

अण्णा निघाले. बाहेर पायरीवर उभं राहून चपला घालता घालता त्यांनी वर पाहिलं.

“ही पाटी कुणाकडनं काढून घेतली ओ? ‘ळ’ बगा कसा थरथरलाय. चांगल्या माणसाकडनं परत करून घ्या की.”

“राहू दे अण्णा,” मी म्हटलं. “ओळखीच्या माणसानं काढलीय.”